औषध शरीरात जातं कुठे? टेक्नेशियमसोबतचा माझा अनुभव

आम्ही बनवलेलं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) उंदराच्या ट्यूमरपर्यंत पोहोचतं का आणि वाटेत कुठे अडकतं, हे पाहणं माझ्या पीएचडीतलं सगळ्यात कठीण काम होतं. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला वेळ लागला. तिच्याशिवाय उंदराला हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे.

पेप्टाइडचा माग काढता यावा म्हणून त्याला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडायचं. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) फक्त ६ तासांचं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. जनरेटर नावाच्या उपकरणातल्या मॉलिब्डेनम-९९पासून ते सलाइनने सकाळीच काढून घ्यायचं. पहिला हक्क रुग्णांच्या स्कॅनचा, उरलेलं आम्हाला. मग शिशाच्या आडोशामागे पेप्टाइड आणि ते टेक्नेशियम, सोबत ट्रायसिन, ईडीडीए आणि स्टॅनस क्लोराइड ही जोडणीला मदत करणारी रसायनं एकत्र करून उकळत्या पाण्यात ठेवायचं. पेप्टाइडच्या टोकाला हायनिक हा गट आधीच जोडलेला असतो, टेक्नेशियमला तोच धरून ठेवतो.

खरी कसोटी पुढे. किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरला दिसतं ते टेक्नेशियम, पेप्टाइड नव्हे. न जोडलं गेलेलं टेक्नेशियम थायरॉइड आणि जठरात जमतं, त्यामुळे जठराचा आकडा फुगला की लगेच शंका येते. कोलॉइड, म्हणजे टेक्नेशियमचे न विरघळलेले बारीक कण, मात्र यकृतात आणि प्लीहेत जातं. आमचं पेप्टाइडही यकृतावाटे बाहेर पडेल असा अंदाज होता, म्हणजे तिथला आकडा पाहून दोन्हींतला फरक कळलाच नसता! म्हणून प्रत्येक वेळी टीएलसीच्या, म्हणजे द्रावकात मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, दोन पट्ट्या. मिथिल इथिल कीटोनमध्ये मोकळं टेक्नेशियम वर चढतं, बाकी सगळं तळाशी राहतं. ऍसिटोनायट्राइल आणि पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात फक्त कोलॉइड तळाशी थांबतं. पट्ट्या कापायच्या, तुकडे मोजायचे. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर दिसल्याशिवाय मी सिरिंज भरली नाही. घाईच्या दिवशी हीच पायरी गाळायचा मोह होतो, पण ती गाळली तर पुढचे सगळे आकडे वाया.

इंजेक्शन शेपटीच्या शिरेतून. कोमट पाण्यात शेपटी धरली की शीर फुगते. नंतर अवयव काढून त्यांतला किरणोत्सार काउंटरवर मोजायचा, त्यांच्यासोबत शेपटीही मोजायची, कारण शिरेबाहेर सांडलेला डोस तिथेच राहतो. डोसचा थोडा भाग बाजूला ठेवून अवयवांबरोबरच मोजला की मधल्या वेळेतली किरणोत्साराची घट आपोआप जुळते.

जठर आणि थायरॉइडमध्ये फारसं काही नव्हतं, म्हणजे लेबल टिकलं होतं. ट्यूमरमधला आकडा स्नायूपेक्षा स्पष्टपणे जास्त आला, तेव्हा फार आनंद झाला. यकृत अपेक्षेपेक्षा शांत निघालं आणि सगळ्यात मोठा आकडा मूत्रपिंडात मिळाला. आता सोबत लायसिन हे अमिनो आम्ल देऊन मूत्रपिंडातला आकडा खाली येतो का, ते पाहतोय.