लाउड्रूप मालिका, चौथी नोंद: पट्ट्या, मान आणि केशरी शर्ट

मंडळी, मागची नोंद टाकून दोन महिने झाले. तेवढ्यात सहा चित्रं हातावेगळी झाली, एक बिघडून पुन्हा सुधारलं आणि उरलेली करड्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या हातात, खिडकीत रांगेनं उभी आहेत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. चोपन्न मिलिमीटर उंचीचे रेझिनचे फुटबॉलपटू, आणि सगळे मिळून माणूस एकच: डेन्मार्कचा मधल्या फळीतला मायकेल लाउड्रूप. तो ज्या ज्या संघात खेळला, त्या प्रत्येक संघाच्या शर्टात एक. 'चित्रं' हा शब्द आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा. मातीच्या मावळ्यांचे उडालेले रंग दरवर्षी पोस्टर कलरनं पुन्हा भरायचं काम घरात माझ्याकडे असायचं. हात तिथंच बसला.

हिशेब असा: केबी, ब्रॉन्डबी, लाझिओ, युव्हेंटस, बार्सिलोना, रेआल माद्रिद, विसेल कोबे, आयाक्स. आठ क्लब, पाच देश. शिवाय विश्वचषकातले डेन्मार्कचे दोन शर्ट, १९८६चा आणि १९९८चा. एकूण दहा. अकरावं कुठलं, यावर घरात महिनाभर वाद चालला होता, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी मानेचं बोलू, कारण पहिले तीन आठवडे त्यातच गेले. मित्राच्या प्रिंटरवर काढलेले सांगाडे चांगले होते, पण सगळे चेंडूकडे बघत पास देणारे. लाउड्रूप आणि चेंडूकडे बघून पास? त्याची ओळखच मुळी उलटी. नजर डावीकडे, चेंडू उजवीकडे, आणि बचाव करणारा त्या नजरेमागे धावून फसलेला. मग करवतीच्या बारीक पात्यानं सगळ्यांची मुंडकी उतरवली. अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तांब्याची तार घातली आणि डोकी फिरवून परत बसवली. नुसतं डोकं फिरवलं तर भूत मागे लागल्यासारखं दिसतं, हे पहिल्या दोघांवर कळलं. माणूस मान वळवतो तेव्हा उलट बाजूचा खांदा थोडा पुढे येतो, कॉलर एका बाजूला दबते. एपॉक्सी पुट्टीनं कॉलर नव्यानं उचलली, तेव्हा कुठे तो कोणाला तरी चकवतोय असं वाटायला लागलं.

डेन्मार्कमधली दोन चित्रं सोपी गेली. जन्म १५ जून १९६४, फ्रेडरिक्सबर्गचा. वडील फिन लाउड्रूप स्वतः देशाकडून खेळलेले. केबीचे निळे-पांढरे पट्टे, मग ब्रॉन्डबीचा पिवळा. पिवळ्याबद्दल एवढंच सांगतो की करड्या प्रायमरवर थेट पिवळा लावू नका, हिरवट आजारी दिसतो. खाली फिकट गुलाबीचा एक हात द्या. बरोबर अठराव्या वाढदिवशी, १५ जून १९८२ला, हा पोरगा नॉर्वेविरुद्ध राष्ट्रीय संघात आला आणि त्याच सामन्यात गोल करून मोकळा झाला. सामना मात्र डेन्मार्क हरला.

लाझिओचा आकाशी शर्ट एका संध्याकाळीत झाला. पण तो करताना एक गोष्ट डोक्यात बसली आणि तीच पुढच्या सगळ्या मालिकेची दोरी ठरली. १९८३ साली त्याला विकत घेतलं युव्हेंटसनं, आणि तो खेळला लाझिओकडून. का? इटलीत तेव्हा एका संघात परदेशी खेळाडू दोनच चालायचे आणि युव्हेंटसच्या दोन्ही जागा फ्रान्सचा प्लातिनी आणि पोलंडचा बोनिएक यांनी अडवलेल्या. म्हणून दोन वर्षं उसना. १९८५मध्ये लाझिओ खालच्या विभागात घसरला, बोनिएक रोमाला गेला आणि लाउड्रूपला आपल्या मालकाच्या घरात जागा मिळाली. या माणसाची भटकंती आपण हौसेची समजतो. निदान सुरुवातीला तरी ती खुर्च्यांच्या मोजणीनं ठरत होती.

युव्हेंटसचे पट्टे काळ्यावर पांढरा ओढून करता येतील, असं मी मागच्या नोंदीत मोठ्या तोंडानं बोललो होतो. ते शब्द मागे घेतो. तो प्रयत्न फसला. तीन हात दिले तरी खालचा काळा डोकावतोच, आणि रंगाचा थर एवढा चढतो की शर्ट गोधडीसारखा दिसतो. आता आख्खा शर्ट आधी पांढरा, मग टोकदार पेन्सिलीनं पुसट रेघा, मग तीन शून्याच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशनं काळा, दुधासारखा पातळ करून. रेघ सरळ मारायची नाही. कापडाला घडी आहे तिथे पट्टी आत बुडून पुन्हा वर आली पाहिजे. छातीवरच्या 'आरिस्टोन' या प्रायोजकाची अक्षरं डिकलची, म्हणजे छापील चिकटचित्राची, हातानं नाही. तेवढा आत्मविश्वास अजून आलेला नाही.

हे चित्र डिसेंबर १९८५मधल्या तोक्योचं आहे. इंटरकॉन्टिनेन्टल कप, म्हणजे युरोपचा विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा, समोर अर्जेन्टिनोस ज्युनियर्स. युव्हेंटस १-२ मागे, दहाएक मिनिटं उरलेली. लाउड्रूप गोलरक्षकाला वळसा घालून जवळजवळ गोलरेषेपर्यंत सरकला, कोन संपत आलेला, आणि तिथून त्यानं चेंडू आत सारला. २-२, मग पेनल्टीवर युव्हेंटसचा विजय. बेसवर म्हणून गोलरेषेचा एक तुकडा पांढऱ्यानं ओढलाय आणि त्याचा पुढचा पाय रेषेला जवळजवळ टेकवलाय. त्याच हंगामात लीगही जिंकली. पुढे १९८७ला प्लातिनी निवृत्त झाला आणि तुरीनमधली पुढची दोन वर्षं लीगच्या विजेतेपदाविना गेली.

बार्सिलोना. इथे मी रेंगाळलो, आणि तो दोष माझा नाही. १९८९ला प्रशिक्षक योहान क्रायफनं त्याला नेलं आणि पुढची पाच वर्षं हा माणूस नेमका जिथे असायला हवा होता तिथे होता. १९९१ ते १९९४, लागोपाठ चार लीग. निळा आणि गर्द लाल एकमेकांना खेटून लावताना मधली कड मळकी जांभळी होते. उपाय म्हणजे दोघांमध्ये केसाएवढी काळसर रेघ आधी मारून ठेवायची आणि रंग तिच्यापर्यंतच आणायचा. या चित्रात तो पास देत नाही. आतल्या बाजूनं चेंडू एका पायावरून दुसऱ्यावर टिचकीसरशी नेतोय, ज्याला स्पेनमध्ये 'क्रोकेता' म्हणतात. दोन स्पर्श इतके लागोपाठ की समोरच्याला एकच वाटतो. आपल्यातले तरुण हे बार्सिलोनाच्याच, पण नंतरच्या इनिएस्ताचं म्हणून ओळखतात. इनिएस्ता ज्याला बघत वाढला तो हा, असं त्याला स्वतःला सांगायला कधी संकोच वाटला नाही. चेंडू दोन पावलांच्या मधोमध हवा होता, म्हणून मोहरीएवढा मणी पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यावर तरंगवलाय. कालच मांजरानं तो एकदा काढून दाखवला.

आणि मग तोच जुना हिशेब परत आला. १९९३ला रोमारियो आला. मैदानावर परदेशी तीनच, आणि आता दावेदार चार: कूमन, स्टॉइचकोव्ह, रोमारियो, लाउड्रूप. १८ मे १९९४, अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर एसी मिलान, आणि क्रायफनं चौथा म्हणून लाउड्रूपला बाहेर ठेवलं. बार्सिलोना ०-४ हरलं. मिलानचे प्रशिक्षक काप्पेल्लो यांना ते नाव यादीत न दिसल्याचं हायसं वाटलं होतं, हे त्यांनीच पुढे कबूल केलं. त्या उन्हाळ्यात लाउड्रूप उठला आणि थेट हाडवैऱ्याकडे, रेआल माद्रिदला गेला. या जाण्याचा अर्थ पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं ऐका. ८ जानेवारी १९९४, बार्सिलोना ५, माद्रिद ०. ७ जानेवारी १९९५, माद्रिद ५, बार्सिलोना ०. दोन्ही वेळा लाउड्रूप पाचवाल्यांच्या बाजूला. पहिल्यात हॅट्‌ट्रिक रोमारियोची, दुसऱ्यात सामोरानोची. त्या हंगामाची लीगही माद्रिदनं घेतली, म्हणजे दोन हाडवैऱ्यांकडून मिळून याच्या खात्यात सलग पाच. म्हणून ही दोन चित्रं एकाच लांब बेसवर पाठीला पाठ लावून उभी केली. दोघांची नजर मात्र एकाच दिशेला वळलीय. हे ठरवून केलं नव्हतं, माना बसवताना तसं झालं आणि मग ठेवलं.

बिघडलं ते याच जोडीतलं माद्रिदचं. पांढरा शर्ट म्हणजे नुसता पांढरा नसतो. घड्यांमध्ये निळसर करडा, वर हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्याच्या कडेला. एवढं सगळं जमलं, प्रायोजक 'तेका'ची अक्षरंही नीट बसली, आणि मी घाईनं मॅट वार्निशचा स्प्रे मारला. बाहेर धो धो पाऊस. हवेतली ओल वार्निशमध्ये अडकली आणि वर पांढरं धुकं धरलं. शर्टावर ते कळलं नाही. केस मात्र असे पांढुरके झाले की तिशीतला लाउड्रूप आजोबा दिसायला लागला. दोन दिवस हात लावला नाही. मग ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशनं दिला आणि धुकं जवळजवळ सगळं गेलं. कोणाचं असं झालं तर लगेच रंग खरवडू नका, आधी हे करून बघा.

कोबेचं चित्र करताना मजा आली. विसेल कोबेला आज गर्द लाल रंगात बघतो, पण तो रंग २००५ नंतरचा. लाउड्रूप १९९६ला गेला तेव्हा त्यांचा शर्ट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता. म्हणजे पुन्हा युव्हेंटस! शेल्फवर दोघं शेजारी ठेवले की पाहुणे विचारतात, हा दोनदा का? एक वीस-एकवीस वर्षांचा, इटलीचा विजेता. दुसरा बत्तिशीचा, जपानच्या दुसऱ्या फळीतल्या संघात. कोबेत १७ जानेवारी १९९५ला भूकंप झाला, आणि नव्या संघाच्या पहिल्या सरावाचा दिवसही तोच ठरलेला. सहा वेळचा लीगविजेता अशा शहरात येतो आणि संघ वरच्या विभागात चढतो. माझ्या मते हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात कमी बोलला गेलेला भाग आहे. इनिएस्ताही २०१८मध्ये याच क्लबात गेला, तेव्हा मला एकट्यालाच फार आनंद झाला होता.

आयाक्सचं अजून प्रायमरमध्येच. १९९७-९८, प्रशिक्षक त्याच्याच देशाचे मोर्टेन ओल्सेन, लीग आणि चषक दोन्ही. शर्टावरचा रुंद लाल पट्टा मास्किंग टेपनं एका बैठकीत होईल.

आता १९८६. हुमेल कंपनीचा तो शर्ट ज्यानं काढला त्याला एकदा चोपन्न मिलिमीटरवर रंगवायला बसवलं पाहिजे. अर्धी छाती सलग लाल, अर्धीवर बारीक लाल-पांढऱ्या रेघा, बाह्यांवर बाणाच्या टोकांसारख्या पट्ट्या. अर्धी छाती म्हणजे माझ्याकडे जेमतेम सहा मिलिमीटर. खऱ्या संख्येचा नाद सोडून सहा रेघांवर आलोय, आणि लांबून बघितलं तर चालून जातं. मेक्सिकोतल्या नेसावालकोयोतल्या उरुग्वेविरुद्धच्या ६-१चं हे चित्र. हॅट्‌ट्रिक एल्क्येरची, पण डोळ्यांपुढे राहतो तो लाउड्रूपचा गोल, माणसांमधून पाण्यासारखा वाट काढत गेलेला. पाठीवर ११. पुढच्याच फेरीत स्पेननं ५-१ धुतलं, ते मी रंगवणार नाही.

१९९८च्या पाठीवर १०, कारण ११ तेव्हा धाकट्या भावाकडे, ब्रायनकडे. नाँत, ३ जुलै, ब्राझीलविरुद्ध २-३. भावाच्या गोलनं २-२ झालेलं. तो त्याचा शेवटचा सामना, देशाकडून एकशेचौथा. त्याचा दंडावरचा कप्तानाचा पट्टा अजून उरलाय.

राहिला अकराव्याचा वाद. मुलीचं म्हणणं, एक बेस रिकामा ठेव, गवत लाव आणि खाली लिही १९९२. युरो ९२, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. डेन्मार्कचे प्रशिक्षक मोलर नील्सन यांच्या खेळाच्या पद्धतीवरून दोघा भावांनी नोव्हेंबर १९९०मध्ये संघ सोडला. ब्रायन परतला, मायकेल नाही. युगोस्लाव्हियाला बाहेर काढल्यामुळे ऐन वेळी बोलावलेला डेन्मार्क २६ जूनला गोथेनबर्गमध्ये जर्मनीला २-० हरवून विजेता झाला. कल्पना चांगली आहे, आणि इतर कोणी केलं तर मी टाळ्या वाजवेन. पण मला ती या माणसावर अन्याय करणारी वाटते. तो १९९३ला परत आला आणि १९९५ला रियाधमध्ये किंग फहद चषकाच्या, अर्जेन्टिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात कप्तान म्हणून पेनल्टीचा गोल करून चषक घेऊन गेला. शिवाय गोथेनबर्गच्या सदतीस दिवस आधी तो वेम्बलीवर होता. २० मे १९९२, इटलीच्या साम्पदोरियाविरुद्ध १-०, कूमनची जादा वेळेतली फ्री किक, बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप. खेळले ते मेय्बा कंपनीच्या केशरी शर्टात, आणि चषक घ्यायला जाताना अंगावर नेहमीचे निळे-लाल चढवले.

तर अकरावं चित्र केशरी. मुलीनं अट घातलीय की त्याच्या हातात निळा-लाल शर्ट गुंडाळलेला असला पाहिजे. पुट्टीचा गोळा मळून ठेवलाय. केशरी रंग बाटलीतला फारच भगवा निघाला, त्यात थोडा पिवळा मिसळून तीन नमुने कार्डावर लावलेत, दिवसाच्या उजेडात बघून ठरवतो. वार्निशला मात्र पाऊस उघडेपर्यंत हात लावणार नाही.