शर्टांच्या पानावर बाबू गेनू

काही वर्षांपूर्वी गिरगावातले एक गृहस्थ माझ्याकडे व्हाइटअवे लेडलॉ या विलायती माल विकणाऱ्या कंपनीचा जुना कॅटलॉग घेऊन आले. जुने कागद दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. दस्तऐवज, नकाशे, पोथ्या, पत्रं सतत येत असतात. दुकानाचा कॅटलॉग क्वचितच येतो, कारण असले कागद कुणी जपून ठेवत नाही. मुखपृष्ठावर कलकत्ता, मद्रास, लाहोर, रंगून, कोलंबो, सिंगापूर अशी शाखांची ओळ होती आणि मुंबईचा पत्ता होता हॉर्नबी रोड. आत उन्हात घालायच्या सोला हॅट, बूट, मच्छरदाण्या, पत्र्याच्या ट्रंका. कित्येक पानांवर मात्र मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली.

"आमच्या आजीचा उद्योग," ते म्हणाले. "मॅडम, ही कात्रणं तेवढी काढून द्या. एका संग्राहकाला कॅटलॉग हवाय, पण स्वच्छ."

आजीने कणकेची खळ वापरली होती. खळ ओलाव्याने सुटते, म्हणून तर आम्हीही गव्हाच्या सत्त्वाची खळच वापरतो. एका कात्रणाच्या कोपऱ्याखाली ओलसर ब्रश फिरवला, दमट टिपकागद ठेवला आणि थोड्या वेळाने कोपरा अलगद उचलला गेला. खाली ताठ कॉलरच्या शर्टाचं रेखाचित्र आणि त्याची किंमत. वर, तपकिरी पडलेल्या कागदावर, बाबू गेनूच्या मृत्यूची बातमी.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याच चाकांखाली गेला. वय अवघं बावीस. ती बातमी कुणीतरी मुद्दाम त्याच विलायती कापडाच्या जाहिरातीवर डकवली होती. कोपरा मी परत बसवला, वर वजन ठेवलं आणि त्यांना विचारलं, "हे दुकान कुठे होतं ते बघितलंय का तुम्ही?" त्यांना ते फोर्टात कुठेतरी होतं इतकंच माहीत होतं. माझ्या जागेपासून ते चालत दहा मिनिटांवर. आम्ही निघालो.

हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि बोरीबंदर ते फ्लोरा फाउंटन हा रस्ता हळूहळू शहराचा मुख्य रस्ता झाला. १८९६ च्या नियमांनी इथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची सलग वाट ठेवणं भाग पाडलं. वरच्या मजल्यांची शैली कुणाची गॉथिक, कुणाची अभिजात, पण खालची सावली सगळ्यांची एक. भर पावसातही गिऱ्हाईक कोरडं राहून काचेतला माल बघत जाई. मुंबईकरांच्या सोयीचा इतका विचार केलेला दुसरा रस्ता मला माहीत नाही.

याच रस्त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइटअवे लेडलॉची इमारत उभी राहिली. रॉबर्ट लेडलॉ हा स्कॉटिश माणूस. १८८२ मध्ये त्याने कलकत्त्यात भागीदारीत दुकान काढलं आणि पुढे तो ब्रिटिश संसदेतही निवडून गेला. कलकत्त्याला चौरंगीवर १९०५ च्या सुमारास बांधलेली, घुमटाची याच कंपनीची इमारत आजही आहे. या दुकानात उधारी नव्हती. रोख द्या आणि माल न्या. म्हणून लोक कंपनीच्या नावाचाच खेळ करून त्याला 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणत. आपल्याकडे कापड म्हणजे मुळजी जेठा मार्केटातली गादी, भावासाठी घासाघीस आणि वर्षानुवर्षांची खाती. इथे प्रत्येक वस्तूवर छापील किंमत, प्रत्येक विभाग वेगळा. असा माल मांडायला उंच छत, मोठ्या खिडक्या आणि ऐसपैस जागा लागते. इमारत त्या हिशोबानेच बांधलेली.

आम्ही पोचलो तेव्हा ते गृहस्थ फुटपाथवरच थबकले. "अहो, हे तर खादी भांडार!"

खरंच, व्हाइटअवेच्या त्या जागेत कित्येक दशकं खादीच विकली जात होती. ज्या शहरात ३१ जुलै १९२१ ला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली, जिथे १९३० मध्ये देशसेविकांनी कापडदुकानांसमोर धरणं धरली, त्याच शहराने विलायती मालाची ही पेढी खादीसाठी वापरली. इमारत पाडावी लागली नाही. काउंटरवर ठाणांच्या घड्या, मधाच्या बाटल्या, चंदनाचा साबण. "आजी आम्हाला इथे घेऊन यायची," ते म्हणाले. "तिची पातळं इथलीच." आजी १९३० मध्ये धरण्याला बसली होती का, हे मी विचारलं. घरात तसं कुणी कधी बोललं नव्हतं.

परत येऊन मी स्पष्ट सांगितलं की कात्रणं काढता येतील, पण मी काढणार नाही. कॅटलॉगच्या आणखी प्रती कुठे ना कुठे मिळतील, आजीचा हा एकच. या इमारतीचा दोन्ही काळांचा इतिहास मला एकाच पानावर दुसरीकडे कुठेही दिसलेला नाही.

"मग किंमत कमी येईल."

"त्या संग्राहकाकडे येईलच. त्याला खालचं बघायचं असेल तर फोटो देते."

संध्याकाळी एकेक पान लाइट शीटवर ठेवलं. खालून उजेड आला तसा बातमीच्या ओळींमधून शर्टाचा आकार वर आला. कॉलर नेमकी मथळ्याखाली. पाठीमागच्या छपाईची अक्षरंही उलटी दिसत होती, तरी वाचता येत होतं. ते शेजारी बसून पानं मोजत होते आणि मधेच म्हणाले, "बूट, हॅट, ट्रंका, सगळं मोकळं आहे. कापडाचं एकही पान तिने सोडलेलं नाही."

विकायचा विचार त्यांनी तिथेच रद्द केला. मी गंजलेल्या पिना काढून पानं दोऱ्याने शिवली, फाटक्या कडांना जपानी कागद लावला, न्यूजप्रिंटमधलं आम्ल शेजारच्या पानात उतरू नये म्हणून मधे आम्लरहित कागद घातले. कॅटलॉग माळ्यावर ठेवू नका, कपाटात ठेवा, एवढं बजावून सांगितलं.