तुम्ही विचारलंत म्हणून: आरओई चांगला आहे, घेऊ का?

परवा एका साखरपुड्यात पहिली पंगत उठायच्या आत तिघांनी शेअरचं विचारलं. "आरओई 32 टक्के आहे, घेऊ का?" आरओई म्हणजे भागधारकांच्या पैशावर कंपनीने वर्षात कमावलेला नफा, टक्क्यांत. मी नेहमीसारखं "बघावं लागेल" म्हटलं आणि मठ्ठ्याकडे वळले. मागून ऐकू आलंच. एवढी वर्षं ऑडिटच्या ऑफिसात काढली, दोन शब्द सांगायला हिचं काय जातं?

जातं. एकदा सांगितले होते दोन शब्द.

2017 मध्ये आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली. ग्रॅच्युइटीतले 4 लाख बाजूला ठेवून तिने मला विचारलं. रस्त्यांची कामं घेणारी एक कंपनी तेव्हा माझ्या डोक्यात बसली होती, नाव घेत नाही. आरओई 27 टक्के, आणि तीन वर्षं 25 च्या खाली नाही. दाजी म्हणाले, "बँकेत ठेवू या की." मी म्हटलं, "दाजी, बँक 7 देते, ही कंपनी भागधारकांच्या पैशावर 27 कमावते." जणू ते 27 आक्काच्या पासबुकात जमा होणार होते! आक्का एवढंच म्हणाली, "तू म्हणतेस ना, मग घे." काँट्रॅक्ट नोटची, म्हणजे शेअर घेतल्याच्या पावतीची, प्रिंट काढून तिने सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्ससोबत फायलीला लावली. शिक्षिकाच ती.

2018 च्या सप्टेंबरात रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणारी आयएलअँडएफएस ही बडी कंपनी बुडाली, बाजारात उसने पैसे मिळेनासे झाले, आणि आमच्या कंपनीचा शेअर रोज खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात जेवढा पडू देतात त्या मर्यादेला, लागायला लागला. तेव्हा कुठे एका रात्री मी ॲन्युअल रिपोर्ट उघडले आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर फोड केली. विक्रीवर नफा किती, मालमत्तेच्या मानाने विक्री किती, आणि स्वतःच्या एका रुपयावर एकूण किती रुपयांची मालमत्ता उभी आहे. या तिघांचा गुणाकार म्हणजे आरओई. तीन वर्षांपूर्वी 9 टक्के, 1.2 पट, 2.4 पट, म्हणजे 26. मी घेतला त्या वर्षी 4 टक्के, 0.8 पट, 8.4 पट, म्हणजे 27.

नफ्याचा टक्का निम्म्याहून खाली, विक्री मंदावलेली, सरकारी खात्यांकडची येणी फुगलेली. आणि आरओई एक टक्का वर! मधली सगळी घसरण कर्जाने भरून काढली होती. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्यांच्या बॅलन्सशीटवर मी ते पगार घेऊन करत होते, बहिणीच्या पैशासाठी केलं नाही.

ही फोड 1910 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी रुळवली. मूळ हिशेबात नफा आणि उलाढाल एवढंच होतं, कर्जाचा तिसरा तुकडा नंतर जोडला गेला. मला नेमका तोच नडला.

पण म्हणून "कर्ज दिसलं की पळा" असं मी म्हणत नाही, ते माझ्या नावावर खपवू नका. बँकेचा धंदाच दुसऱ्याच्या पैशावर चालतो. मालमत्तेवर दीड टक्का सुटला आणि मालमत्ता भांडवलाच्या दहापट असली की झाला 15 टक्के आरओई. त्यात काही लबाडी नाही.

आणि आरओई पडला म्हणजे धंदा बिघडला, हेही नाही. 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने हॉर्लिक्सवाली कंपनी शेअर देऊन विलीन करून घेतली. नेटवर्थ, म्हणजे कंपनीतला भागधारकांचा पैसा, 8,000 कोटींच्या आसपास होतं, ते वर्षभरात 47,000 कोटींच्या पुढे गेलं. आरओई 80 वरून 20 च्या घरात. साबण तोच, दुकानं तीच, नफा तर वाढलेला. उलट नेस्ले इंडियाचा 2022 चा नफा जवळपास तिच्या नेटवर्थएवढा होता, कारण कमाईतला मोठा वाटा लाभांशात वाटून टाकतात आणि भांडवल साठतच नाही. शंभराच्या आसपासचा तो आरओई बघून हुरळणाऱ्याला विचारते, तुम्ही शेअर पुस्तकी किमतीला, म्हणजे एका शेअरच्या वाट्याला येणाऱ्या नेटवर्थएवढ्या किमतीला, घेतला का? बाजारात त्या किमतीच्या कैक पट मोजलेत ना? मग ते शंभर टक्के तुमचे कसे?

2017 ची मी हे वाचून म्हणेल, "बाई, आता शहाणपण सुचतंय. फोड केली असतीस तरी घेतलाच असतास, सगळे घेत होते." असेलही. कर्ज वाढलेल्या दोन कंपन्या त्यानंतर मी भीतीने सोडल्या, दोन्ही तिप्पट झाल्या. आणि खरं सांगायचं तर कुठलीही कंपनी उघडली की माझी नजर आजही आधी आरओईवरच जाते.

आक्काचे 4 लाखांचे 31 हजार झाले. ती एका शब्दाने बोलली नाही. दाजी बोलले, पण माझ्यासमोर नाही.

गेल्या महिन्यात आक्काचा व्हॉट्सॲप आला. एक स्क्रीनशॉट, खाली "22% आहे. घेऊ?" मी लिहिलं, पाच वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट काढ, शिकवते. उत्तर आलं, "एवढं कोण वाचत बसणार, तूच सांग."

निळ्या टिका तिलाही दिसत असणार. अजून काही लिहिलेलं नाही.