आमची वाटचाल : वालीवचा गाळा, एफबीडी आणि माठ

२००९ ला वसईत वालीवला गाळा भाड्याने घेतला तेव्हा मी आणि मेव्हणा दोघंच, एक आर्गॉन वेल्डिंग आणि एक बफिंगचं मशीन. काम काय तर फार्मावाल्यांच्या जुन्या एफबीडीची (फ्लुइड बेड ड्रायर) रिपेरिंग, म्हणजे गोळीच्या पावडरचे ओले दाणे, ग्रॅन्युल्स, गरम हवेवर उडत्या ठेवून वाळवतात ना, ते. ३१६ एल स्टेनलेस स्टीलचा बाउल आतून आरशासारखा करून दिला की कस्टमर खूश.

मग एक कस्टमर मागेच लागला. पॅरासिटामॉलच्या गोळ्या जानेवारीत कॅपिंग व्हायच्या, दाबून बाहेर आली की वरची टोपीच सुटायची, आणि जुलैत त्याच गोळ्या दाबणाऱ्या पंचला चिकटायच्या, आणि दोन्ही वेळा शिव्या आम्हाला कारण मशीन आम्ही उघडलेलं. तिकडे जाऊन दिवसभर उभा राहिलो तर बारा महिने टायमर चाळीस मिनिटांवरच! हवा बाहेरचीच घेतात, नुसती तापवतात, मग पावसात ती आधीच ओली असते हे कोण बघणार. ऑपरेटर मधेच मशीन थांबवून मूठभर माल काढायचा, १०५ डिग्रीला एलओडी लावायचा, म्हणजे तापवून वजन किती घटतं त्यावरून ओलावा बघायचा, तोवर बाउल गार.

भाचा तेव्हा माटुंग्याला आयसीटीत, जुन्या लोकांचं यूडीसीटी. तो म्हणाला मामा, हा माठ आहे. पाणी सुटतंय तोवर माल गार राहतो, तापमान एका जागी अडकतं, मोकळं पाणी संपलं की चढायला लागतं, तो चढ पकडायचा. पुस्तकात हे जुनंच आहे हो, पण आमचा सेन्सर भिंतीजवळ होता आणि त्याच्यावर पावडरचा थर, तो काय सांगणार डोंबल. लांबी वाढवून टोक उडत्या मालात नेलं तेव्हा कुठे ग्राफ दिसला.

एनआयआर प्रोबही लावून बघितला, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मालातला ओलावा मोजणारा सेन्सर. काचेवर पावडर बसली की रीडिंग हलायचंच नाही, शेवटी बाजूने कॉम्प्रेस्ड एअरची फुंकर दिली. चाललं, पण छोट्या कस्टमरला ती किंमत ऐकूनच घाम फुटतो. आणि कस्टमरच्या क्यूएचं, म्हणजे क्वालिटीवाल्यांचं, वेगळंच, अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, २००४ लाच पॅटची (माल बनतानाच मोजत राहायचं) गाइडलाइन काढली, तरी आमच्याकडे पहिला प्रश्न व्हॅलिडेशन, म्हणजे हे बरोबर चालतं हे कागदावर सिद्ध, कोण करणार.

सध्या बॅच न थांबवता वाळवणारा छोटा ड्रायर बनवतोय. एका कोपऱ्यात माल साचतो, तिसऱ्यांदा पत्रा कापलाय, मेव्हणा बोलत नाहीये माझ्याशी.