आमची वाटचाल : रोशाच्या भट्टीपासून कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत

आमचा धंदा तेल काढण्याचा. खायचं तेल नव्हे, वासाचं. आजोबांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याकाठी रोशा गवताची भट्टी लावली, तांब्याची डेग आणि लाकडाचा जाळ. खानदेशातलं रोशा तेल त्यांच्याही आधीपासून मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानला जायचं आणि तिथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला. गवत कापायचं आमच्या भिल्ल-पावरा मजुरांनी, तेल काढायचं आम्ही आणि जगात ते विकलं जायचं 'तुर्की जिरेनियम' म्हणून. आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव लागण्याची चीड आमच्या घरात तेव्हापासून आहे.

वडिलांनी डेग मोडीत काढली, स्टीलची भट्टी आणि बॉयलर आणला, धुळ्याच्या एमआयडीसीत शेड घेतलं. मी ओव्याकडे वळलो, कारण रोशाचे भाव मुंबईचा व्यापारी ठरवतो, ओव्याचा माल मात्र आपल्या दारात येतो. ज्यांनी ओवा गाळला आहे त्यांना माहीत आहे, हे काम गवतासारखं सोपं नाही. दाणा भरडला की लगेच भट्टीत भरायचा. भरडून रात्रभर ठेवला की वास शेडभर आणि तेल गायब. पहिल्यांदा हलकं तेल येतं, थायमॉल, म्हणजे ओव्याला त्याचा खास वास देणारा घटक, मागून येतं. त्या शेवटच्या टप्प्यात कंडेन्सरचं, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीभोवतीचं, पाणी फार गार असलं तर थायमॉल नळीतच गोठतं आणि वाफ उलटी दाबते. म्हणून आमच्याकडे कंडेन्सरच्या व्हॉल्व्हवर जुनाच माणूस उभा असतो, नव्या पोराला तिथे हात लावू देत नाही. चांगल्या ओव्यात दोन ते चार टक्के तेल आणि त्या तेलात 35 ते 60 टक्के थायमॉल. यापेक्षा फार वेगळे आकडे कोणी सांगितले तर आधी जीसी रिपोर्ट मागा, म्हणजे तेलात कोणता घटक किती ते दाखवणारी लॅबची तपासणी. फूल, म्हणजे थायमॉलचे खडे, काढून घेतलेलं तेल आणून त्यात कारखान्यातलं थायमॉल घालून टक्केवारी भरून देणारे या बाजारात पुष्कळ आहेत.

कोंबड्यांच्या खाद्याकडे आम्हाला नेलं ते नवापूरच्या आप्पांनी. लेअरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म, जुना माणूस. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला तेव्हा त्यांचे सगळे पक्षी मारून पुरले गेले. तरी त्यांनी शेड धुऊन, चुना मारून पुन्हा पिल्लं भरली. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपासून युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं पूर्ण बंद केलं होतं आणि तिकडचे खाद्यवाले थायमॉल आणि त्याच्याच जातीच्या कार्व्हाक्रॉलकडे वळले होते. आप्पा हे सगळं वाचून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या ओव्यानं माणसाचं पोट हलकं होतं, माझ्या कोंबडीला का देत नाही?"

नुसतं तेल खाद्यात ओतून चालत नाही, दोन दिवसांत उडून जातं. तेलाला वनस्पती स्निग्धाचं वेष्टण द्यावं लागतं, म्हणजे ते पोटात गेल्यावर आतड्यात सुटतं. त्यासाठी रिबन ब्लेंडर, म्हणजे मिसळायचं मशीन, घेतला, वडिलांशी वाद घालून. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली.

2015 च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली की डुकरांमधल्या ई-कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत कॉलिस्टिनला दाद न देणारं जनुक सापडलं आहे, आणि ते एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं. कॉलिस्टिन म्हणजे माणसासाठी राखून ठेवलेलं शेवटचं औषध. दवाखान्यात बाकी सगळं हरलं की डॉक्टर ते काढतात. आणि आपल्याकडे तेच औषध गोणीच्या गोणी कोंबड्यांच्या खाद्यात, आजार नसताना, नुसतं वजन वाढावं म्हणून जात होतं. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कॉलिस्टिनवर बंदी आणली. मी या निर्णयाच्या शंभर टक्के बाजूने होतो आणि आहे.

बंदीनंतर फोन थांबेनात. ज्याला त्याला 'हर्बल' पाहिजे. आम्ही कर्ज काढून ओव्याचा मोठा साठा भरला. आणि तेवढ्यात एक जण बाजारात उतरला, नाव मी घेणार नाही. पिवळी पुडी, वर ओव्याच्या फुलांचं चित्र, दर आमच्या निम्मा. पुडी फोडली तर वास कुठे लपवलाय असं वाटावं इतका कमी. पण तीन दिवसांत हगवण बंद, मरतूक खाली, अंड्यांची टक्केवारी वर. आमचं मिश्रण आतडं हळूहळू सावरतं, त्याला आठवडे लागतात, आणि पाणी घाण असेल तर तेही जमत नाही. डीलर तोंडावर म्हणायचे, "शेठ, तुमच्या तेलात दम नाही." एकामागून एक ऑर्डर गेली. साठा गोदामात, व्याज बँकेत. कामगारांचे पगार काढायला वडिलांनी रोशाची जुनी भट्टी विकली. ते मी कधी विसरणार नाही.

आप्पांनी मात्र ती पुडी वापरून बघितली, उरलेली माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "वनस्पती इतक्या घाईत काम करत नाही." आम्ही ती घेऊन ओळखीच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर ई-कोलाय पसरवला. तीन कागदी चकत्या ठेवल्या: एकीवर त्या पुडीचा अर्क, एकीवर आमचं तेल, एकीवर नुसता अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी पुडीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ, आमच्याभोवती लहान. माझा चेहरा पडला. मॅडम म्हणाल्या, तेल पाण्यात विरघळत नाही, अगारमध्ये लांब पसरत नाही, वर्तुळाच्या आकारावर जाऊ नका. मग त्यांनी टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा ई-कोलाय घेतला आणि तोच प्रयोग पुन्हा लावला. या वेळी पुडीभोवती काहीच नाही. जिवाणू चकतीच्या काठापर्यंत दाट वाढलेले. आमचं लहान वर्तुळ जिथल्या तिथे. पुढे बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टातही त्या पुडीत टेट्रासायक्लिन गटातलं औषध निघालं.

थायमॉल काम कसं करतं ते आमच्या गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो. ते जिवाणूच्या पातळ आवरणात घुसतं, आवरण सैल पडतं, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. एका विशिष्ट जागी नेम धरून मारणारं औषध जिवाणू एखाद्या बदलाने चुकवू शकतो. सगळं आवरणच गळायला लागलं की चुकवणं अवघड. म्हणून त्या प्लेटवर आमचं वर्तुळ टिकलं. पण म्हणून तेलाला सगळं माफ आहे असं जे सांगतात, ते अर्धवट सांगतात. स्यूडोमोनास हा जिवाणू तेल आत आलं की पंप लावल्यासारखं बाहेर फेकतो. आणि पाइन तेल, जे आपल्या पांढऱ्या फिनाईलमध्ये असतं, त्यावर 1997 मध्ये अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या तेलात तगून राहिलेले ई-कोलाय टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांनाही जास्त दाद देईनासे होतात. तेल असो की औषध, बाहेर फेकणारा पंप एकच. म्हणजे नैसर्गिक तेलसुद्धा कमी मात्रेत, बारमाही, कुठेही शिंपडत राहिलात तर तुम्ही जिवाणूला तालीमच देता.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आमच्या घराच्या फार जवळची आहे. 2009 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की जिरॅनिऑल हा घटक तो पंपच अडवतो आणि निकामी झालेलं अँटिबायोटिक जिवाणूवर पुन्हा चालू लागतं. प्रयोगशाळेतलं काम आहे, औषध झालेलं नाही. पण रोशाच्या तेलात मुख्य भाग जिरॅनिऑलचाच असतो, आणि ते वाचलं तेव्हा विकलेली भट्टी फार आठवली.

रिपोर्ट घेऊन मी त्या पुडीबद्दल रीतसर तक्रार केली. उत्तर आलं ते "नमुना पुन्हा पाठवा" एवढंच. नमुना पाठवला, त्याचं पुढे काही कळलं नाही. मग 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमधून कोरोना होतो अशी अफवा पसरली, कोंबडी मातीमोल झाली आणि उधारी बुडाली. 2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू. आप्पांचं शेड दुसऱ्यांदा रिकामं झालं. त्या अवस्थेत त्यांनी आमचं मागचं बिल चुकतं केलं आणि वर सांगितलं की पुढची पिल्लं भरली की पहिली गोणी तुमची. त्या पैशांवर आम्ही बॉयलर पुन्हा पेटवला.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवू नका, ॲल्युमिनियमचे किंवा स्टीलचे ड्रम घ्या आणि काठोकाठ भरा. रिकाम्या जागेतली हवा तेल खराब करते. प्रत्येक लॉटचा जीसी काढा, गिऱ्हाईक मागो न मागो. पोल्ट्रीवाल्याला गोणी विकण्याआधी त्याची निपल लाइन, म्हणजे कोंबड्यांच्या पाण्याची नळी, उघडून बघा. आत शेवाळ-चिकटा असेल तर आधी लाइन धुवायला सांगा, नाहीतर दोष तुमच्या तेलावर येईल. मात्रा आपल्या मनाने अर्धी करून "स्वस्तात पडेल" असं कधी सांगू नका. आणि पक्षी खरोखर आजारी असेल तर पशुवैद्यकाला बोलवा, त्याने लिहिलेलं अँटिबायोटिक पूर्ण द्या, औषध थांबवल्यावर ठरलेले दिवस अंडी विकू नका. आमचं तेल ते औषध कमी वेळा लागावं म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. हे आम्ही गोणीवर मराठीत छापतो. डीलर म्हणतात, यानं विक्री कमी होते. होते.

सध्या रोशाची नवी भट्टी उभी राहते आहे, आजोबांसारखी तांब्याची नाही. आप्पांचा मुलगा फार्म बघतो, गोण्या वेळेवर नेतो. ती पिवळी पुडी बाजारातून गेली, पण गेल्या हंगामात त्याच ओव्याच्या फुलांचं चित्र एका हिरव्या पुडीवर दिसलं. नमुना आम्ही घेतला आहे आणि मॅडमकडे प्लेट लावायला दिला आहे.