न घ्यायच्या सहीसाठी सात महिने

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण किती आहे, आणि तपासणी व उपचारांपर्यंत पोहोचताना त्यांना कुठे अडते, हा आमच्या अभ्यासाचा विषय होता. निधी वेळेवर मिळाला, प्रश्नावली तयार झाली, मुलाखतकारांचे प्रशिक्षण पार पडले, प्रयोगशाळेशी करार झाला. या कोणत्याही टप्प्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन नैतिकतेला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीबद्दल, आणि त्यातही एकाच मुद्द्याबद्दल: संमतीपत्रावर सहभागी स्त्रीची सही घ्यायची की नाही. या मुद्द्यापायी आमचे सात महिने गेले, आणि मंजुरी मिळून बराच काळ लोटला तरी त्या पत्रव्यवहाराची फाईल दिसली की माझ्या कपाळाला आठी पडते.

पहिली चूक माझीच होती, हे आधी कबूल करते. अर्जातील संमतीच्या रकान्यात मी ‘सहभागींची तोंडी संमती घेतली जाईल’ एवढे एकच वाक्य लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यामागचे कारण ठाऊक असते, त्यामुळे समितीलाही ते ठाऊक असणार असे मी गृहीत धरले होते. बैठकीनंतर आलेले उत्तरही तसेच एका ओळीचे होते: सहभागीचे संपूर्ण नाव, पत्ता आणि सही, तसेच साक्षीदाराचे नाव आणि सही असलेले संमतीपत्र जोडून अर्ज पुन्हा सादर करावा. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असे आणि कागदपत्रे तिच्या तीन आठवडे आधी पोहोचावी लागत. म्हणजे त्या एका ओळीची किंमत दोन महिने.

समितीच्या बाजूने पाहिले तर ही मागणी अगदीच अनाकलनीय नव्हती. तिच्यापुढे येणारे बहुतेक प्रस्ताव रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवरच्या औषधचाचण्यांचे असतात. तिथे रुग्णाचे नाव केसपेपरवर आधीच असते आणि सहीमुळे कोणतीही नवी माहिती उघड होत नाही. आमच्या अभ्यासात परिस्थिती नेमकी उलटी होती. प्रश्नावलीवर सांकेतिक क्रमांक, रक्ताच्या नळीवर तोच क्रमांक, अहवालावरही तोच. संपूर्ण अभ्यासात नाव असे कुठेच येत नव्हते. ते येणार होते फक्त संमतीपत्रावर. याचा अर्थ असा की ज्या कागदाने त्या स्त्रीच्या हक्कांचे रक्षण व्हायचे, तोच तिची ओळख उघड करू शकणारा एकमेव कागद ठरणार होता, आणि कपाटात ठेवलेला संमतीपत्रांचा गठ्ठा म्हणजे नाव-पत्त्यांसह तयार यादी झाली असती. अशी यादी घरमालकाच्या, पोलिसांच्या किंवा एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या हाती पडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे मी दुसऱ्या अर्जात दीड पान भरून लिहिले. त्यावर समितीने सुचवलेला मध्यममार्ग वाचून मी पत्र दोनदा उलटून पाहिले. सही अडचणीची वाटत असल्यास अंगठ्याचा ठसा घ्यावा, असे त्यात म्हटले होते! नाव खोटे सांगता येते, सही वेडीवाकडी करता येते. ठसा मात्र बदलता येत नाही. ओळख लपवण्याचा उपाय म्हणून ओळखीचा सर्वांत पक्का पुरावा गोळा करा, असे आम्हाला सांगण्यात येत होते. ‘निरक्षर सहभागींसाठी अंगठा’ या नेहमीच्या पळवाटेचा तो यांत्रिक वापर होता. आमच्या सहभागींचा प्रश्न निरक्षरतेचा नव्हताच, पण आधीच्या दीड पानात तेवढे एक वाक्य लिहायचे माझ्याकडून राहून गेले होते.

त्याच आठवड्यात आमच्या सल्लागार गटाची बैठक होती. या गटात देहविक्रय करणाऱ्या आणि पूर्वी त्या व्यवसायात असलेल्या स्त्रिया होत्या. मी समितीच्या मागणीप्रमाणे बनवलेला नमुना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, पेन उघडले आणि ‘संपूर्ण नाव’ या शब्दांपुढच्या रेघेवर टोक टेकवून विचारले, “मॅडम, इथे कुठलं नाव लिहायचं? घरचं, इथलं, की दवाखान्यातल्या रजिस्टरमधलं?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी पेन बंद केले, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “घरचं लिहिलं तर उद्यापासून एकही बाई यायची नाही. इथलं लिहिलं तर तुमच्या कागदाला अर्थ काय राहिला?” माझ्या दीड पानी युक्तिवादात नसलेली गोष्ट त्या दोन वाक्यांत होती. खरे नाव घेतले तर धोका, आणि टोपणनाव घेतले तर कायदेशीर पुरावा म्हणून त्या सहीला किंमत शून्य.

तिसऱ्या वेळी मी तीन गोष्टी जोडल्या आणि प्रत्यक्ष उपस्थित राहून बाजू मांडण्याची परवानगी मागितली. ही परवानगी मागता येते हेच मला आधी माहीत नव्हते; कोणी सांगितले असते तर किमान दोन महिने वाचले असते. पहिली गोष्ट म्हणजे सिऑम्स या वैद्यकीय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची २०१६ सालची संशोधन-नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांच्यानुसार सही घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, परंतु सही केलेला कागद अस्तित्वात असणेच सहभागीसाठी धोक्याचे ठरणार असेल तर समिती सहीची अट शिथिल करू शकते, आणि बेकायदा ठरणाऱ्या वर्तनाविषयीचे अभ्यास हे त्याचे उदाहरण म्हणून दिलेले आहे. दुसरी गोष्ट, माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा. लेखी संमती शक्य नसेल तर अलिखित संमतीची रीतसर नोंद साक्षीदारासमक्ष करावी, असे त्यात आहे. नोंद करा असे म्हटले आहे, सहभागीचे नाव लिहा असे नाही, हा फरक मी पेन्सिलीने अधोरेखित करून दिला होता. तिसरी गोष्ट, जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची एचआयव्ही तपासणीविषयीची मार्गदर्शिका. तपासणीसाठी माहितीपूर्ण संमती अत्यावश्यक आहे, पण ती लेखी असण्याची गरज नाही, असे ती स्पष्ट सांगते. दवाखान्यात जी तपासणी तोंडी संमतीवर होते, तिलाच संशोधनात नाव-पत्ता का लागावा, या प्रश्नावर बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते.

तरीही कोंडी फुटली ती या तिन्हींपैकी कशानेही नाही. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एक सदस्या होत्या आणि तोवर त्या काहीच बोलल्या नव्हत्या. मी सल्लागार गटातल्या ताईंचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, तेव्हा त्यांनी अध्यक्षांकडे वळून विचारले, “सही नक्की कोणाच्या संरक्षणासाठी आहे? त्या बाईच्या, की आपल्या?” खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण बैठकीत तसे करणे शोभले नसते म्हणून मी फाईल चाळत बसले.

अखेर ठरलेली पद्धत अशी होती. मुलाखतकार माहितीपत्रक वाचून दाखवेल आणि सहभागीला ते समजले आहे का हे पाहण्यासाठी चार साधे प्रश्न विचारेल: भाग न घेतल्यास नेहमीच्या सेवा बंद होतील का, मधेच थांबता येईल का, रक्त कशासाठी घेतले जाणार आहे, अहवाल कोणाला कळेल. त्यानंतर सांकेतिक क्रमांक आणि तारखेखाली सही होईल ती मुलाखतकाराची आणि एका स्वतंत्र साक्षीदाराची, सहभागीची नाही. साक्षीदारालाही सहभागीचे नाव सांगितले जाणार नाही.

एवढे ठरूनही अंतिम पत्र यायला दोन महिने लागले, कारण संमतीपत्राच्या तळाशी ‘आवृत्ती ३’ होते आणि मूळ प्रस्तावाच्या तळाशी चुकून ‘आवृत्ती २’ राहिले होते. संपूर्ण संच परत आला. तेव्हा अर्ज करणाऱ्याने प्रत्येक पानाच्या तळाचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी. स्वतःला ती चूक दिसत नाही.

गंमत म्हणजे ज्या मुद्द्यावर मोठा वाद होईल असे मला वाटत होते, तो दोन मिनिटांत सुटला. आम्ही सहभागींच्या निवडीसाठी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वापरणार होतो. तिच्यात आधीच्या सहभागी व्यक्ती मोजकी कूपने देऊन आपल्या ओळखीच्यांना आणतात, आणि सहभागासाठी तसेच आणलेल्या व्यक्तींसाठी असा दुहेरी मोबदला मिळतो. मोबदल्याचे आमिष होईल का, कूपनांची विक्री होईल का, यावर मी चार पानी टिपण तयार ठेवले होते. ते कोणी उघडलेही नाही.

मधेच आठवले म्हणून सांगते: माहितीपत्रकाची प्रत सहभागीला घरी न्यायला देण्याची अट जवळजवळ सगळीकडे असते, आणि त्या प्रतीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही’ छापलेले असेल तर सहीचा वाद जिंकूनही उपयोग नाही. आम्ही बोलताना काहीही लपवले नाही, पण हातात दिलेल्या छोट्या कार्डावर फक्त अभ्यासाचे साधे नाव आणि फोन क्रमांक ठेवला. हेही सल्लागार गटानेच सुचवले होते. सांकेतिक क्रमांकाचेही तसेच आहे. आद्याक्षरे आणि जन्मवर्ष जोडून केलेला क्रमांक लहान वस्तीत कोणीही ओळखू शकतो.

सल्लागार गट अर्ज करण्यापूर्वीच स्थापन करावा, असे मी आता आग्रहाने सांगते. कंबोडियात २००४ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर होणारी, टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीचा संसर्ग रोखता येतो का हे पाहणारी चाचणी एकही सहभागी दाखल होण्याआधी थांबली. चाचणीमुळे काही इजा झाली तर दीर्घकाळ वैद्यकीय संरक्षण कोण देणार, हा त्या स्त्रियांचा प्रश्न होता. त्यानंतर २००७ मध्ये यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम आणि एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी एव्हॅक ही संस्था यांनी समुदायाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मी ती वाचलेली होती, तरीही संमतीपत्राचा नमुना गटाला दाखवला तो दुसऱ्यांदा नकार आल्यावर.

क्षेत्रकार्य नियोजित वेळेत झाले. वर्षाच्या शेवटी समितीला प्रगती अहवाल पाठवायचा होता. त्याच्या छापील नमुन्यात ‘सही केलेल्या संमतीपत्रांची संख्या’ असा एक रकाना होता. मी त्यात शून्य लिहिले. तीन दिवसांनी समितीच्या कार्यालयातून फोन आला: “मॅडम, या रकान्यात शून्य चालत नाही, आकडा लिहून द्या.” मी त्यांना त्यांच्याच मंजुरीपत्राची प्रत पाठवली आणि रकान्यात पुन्हा शून्य लिहिले.