माळव्यातली ओहोटी: सिरपूर, यशवंत सागर आणि रालामंडलच्या वाटा

कोकणातला माणूस खाडीकाठी फिरायला निघताना आधी भरती-ओहोटीची वेळ बघतो. पाणी हटलं की चिखल उघडा पडतो आणि त्यावर पक्षी उतरतात. इंदूरपासून समुद्र लांब, पण हा हिशेब इथेही चुकत नाही. इथल्या तळ्यांना ओहोटी वर्षातून एकदाच लागते, ऑक्टोबरात सुरू होते आणि जूनपर्यंत चालते, एवढंच. त्यामुळे ‘तळ्यावर कधी जाऊ?’ या प्रश्नाचं उत्तर घड्याळापेक्षा महिन्यात आधी शोधावं.

धार रोडवरचं सिरपूर सगळ्यांत सोयीचं. होळकरांच्या काळातलं हे तळं साधारण 161 हेक्टरचं. 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी यशवंत सागरही. 2025 मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला ‘पाणथळ शहर’ अशी रामसरची मान्यता मिळाली. बातम्या वाचून लोक ऑगस्टात धावतात आणि काठोकाठ भरलेलं पाणी, त्यात बुड्या मारणाऱ्या चार टिबुकल्या बघून परततात. पाणी भरलेलं असताना काठावर उभं राहायला जागाच नसते, पक्ष्यांनाही आणि आपल्यालाही. बदकांसाठी डिसेंबर-जानेवारी गाठावा, चिखलातल्या पक्ष्यांसाठी फेब्रुवारी-मार्च.

उघड्या पडलेल्या काठावर कोण कुठे दिसेल ते बरंचसं पायांच्या लांबीवर ठरतं. कोरड्या पापडीवर टिटवी. पाणी आणि चिखल जिथे मिळतात त्या ओळीवर शेपटी हलवत फिरणारी तुतवार. तिच्या पुढे, काडीसारख्या लांब गुलाबी पायांवर शेकाट्या. त्याही पुढे गुडघाभर पाण्यात चित्रबलाक हा मोठा करकोचा, आणि मग बदकं. दुर्बीण काठापासून आत अशी हळूहळू सरकवली तर कोण कुठे आहे हे शोधत बसावं लागत नाही. बहुतेक जण थेट मध्यभागी बघतात आणि पायाशी असलेली तुतवार उडवून लावतात. ती उडताना ओरडते आणि आजूबाजूचे सगळे सावध होतात.

लांबून सगळी बदकं करडीच दिसतात, म्हणून चोच बघायची. चोच काळी, टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी तांबडा, तर ते हळदी-कुंकू बदक. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी असं नाव आहे! पसरट, चमच्यासारखी चोच पाण्यावर घासत जातो तो थापट्या. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेला तो वारकरी, आणि तो बदक नव्हेच, पाणकोंबडीच्या कुळातला. थवा मोजायचा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली रुंदी डोळ्यांत धरा आणि ती थव्यावर पट्टीसारखी पुढे सरकवत न्या. वारकऱ्यांचा आकडा नेहमी कमी येतो, कारण काही जण बुडी मारून पाण्याखाली असतात. दोनदा मोजून मोठा आकडा धरा.

दुर्बीण 8×42 पुरे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर रुंद भिंगाची. 10×50 हातात जड होते आणि हात थरथरला की चित्रही तेवढंच जास्त हलतं. शिवाय 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यात येतं, पहाटेच्या अंधुक उजेडाला ते छान पुरतं. नवी दुर्बीण बहुतेकांना धूसर दिसते ती डोळ्यांतल्या फरकामुळे. आधी उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, डाव्याला स्वच्छ दिसू द्या. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. ती जागा लक्षात ठेवा आणि पुढे फक्त मधलं चाक वापरा.

जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. पावणेसातला तळ्याच्या पूर्वेच्या बाजूला पोहोचा, म्हणजे ऊन पाठीमागून येईल. पश्चिमेकडे उभे राहिलात तर सगळे पक्षी काळे ठिपके. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा महागडं भिंगही कामाचं नाही. मग खुशाल पोहे-जिलबीला जा. पोह्यांवरची शेव बदकांना टाकायला परत येऊ नका, एवढंच.

हातोदच्या बाजूला गंभीर नदीवरचा यशवंत सागर मोठा आहे, आठशे हेक्टरच्या वर. इथे फिरायचं ते सारसासाठी. माणसाच्या उंचीचा पक्षी, पण शेताच्या कडेला स्तब्ध उभा असला की बुजगावणं वाटतो. जोडीने मान वर करून चालणं थांबवलं, की तुम्ही फार जवळ आलात. तिथूनच मागे फिरा. पावसाळ्यात तो घरटं करतो, तेव्हा शेतात उतरूच नका. आणि काठावरच्या भेगाळलेल्या काळ्या मातीवर भरवसा ठेवू नका. वरची पापडी कडक, खाली लोण्यासारखा चिखल. काठी टेकवून बघा. वितभर आत गेली तर वाट बदला.

रालामंडल वेगळं प्रकरण. शहराच्या दक्षिणेला बायपासपलीकडे सागाची टेकडी, माथा 782 मीटर, वर होळकरांचं शिकारगृह. 1989 मध्ये अभयारण्य झालेली ही जागा अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही. गाडीनेही फिरता येतं, पण गाडीच्या आवाजात चितळ दिसले तरी जंगल ऐकू येत नाही. चढ सोपा आहे, घसरतं ते उतरताना: फेब्रुवारी-मार्चात गळलेल्या सागाच्या पानांखाली सुटे दगड लपतात. टाच आधी टेकली तर पाय सरकतो, म्हणून पाऊल लहान आणि पूर्ण तळवा टेकवून टाका. त्याच पाचोळ्यात घोणस बेमालूम पडून असते. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर जागीच थांबा, ती कुठे आहे ते बघा आणि मग मागे सरका. माणशी दोन लिटर पाणी उन्हाळ्यात लागतंच.

दिवाळीच्या सुमाराला गवत पिकतं आणि कुसळं मोज्यातून आत शिरतात. लोकरीचे मोजे टाळा, पँट मोज्यात खोचा. परतताना दाराशीच मोजे झटका आणि बुटांच्या खाचांतला चिखल काडीने काढून टाका. त्या चिखलात गाजरगवताचं बी असतं, आणि पुढच्या रविवारी तेच बूट सिरपूरला जाणार असतात.